सिडनी कार्टनची प्रीति

बहुतेक मंडळ्यांत असा एखादा मनुष्य असतो की, ज्याचे नाव निघताच आपण मान हालवितो. तो दारू पितो, आणि उपासनेस आलाच तर दारापाशी बसतो. त्याच्या अंतःकरणात काय आहे, हे कोणी विचारीत नाही.

इंग्रज ग्रंथकार चार्ल्स डिकन्स याने १८५९ साली 'अ टेल ऑफ टू सिटीज' ही कादंबरी एका साप्ताहिकातून क्रमशः छापिली. तीतील सिडनी कार्टन असाच होता. बुद्धि तीव्र, परंतु मद्याने आयुष्य नासलेले. रात्री जागून, ओले फडके डोक्यास गुंडाळून, तो दुसऱ्या वकिलाचे खटले तयार करी. कीर्ति त्या दुसऱ्याची होई. लूसी मॅनेट हिजवर त्याची प्रीति जडली. ती आपली होणार नाही हे जाणून त्याने एकदाच मन उघड केले. मागितले काही नाही. तिच्या प्रिय माणसासाठी प्राणही देईन, इतकेच म्हणाला. तिने चार्ल्स डार्ने याशी लग्न केले. पुढे डार्ने कार्टनास बेपर्वा म्हणू लागला, तेव्हा तिनेच पतीला विनविले की, त्या हृदयास खोल जखमा आहेत, त्याजवर दया करा. घरात एवढे एक माणूस पुरे होते.

फ्रान्सातील राज्यक्रांतीत पॅरिस येथे डार्नेस देहान्त शिक्षा झाली. दोघांचे चेहरे सारखे. कार्टन तुरुंगात शिरला, त्याने वस्त्रे बदलिली, आणि डार्नेस बेशुद्ध करून बाहेर पाठविले. आदल्या रात्री रस्त्यांतून फिरताना, बापाच्या कबरेपाशी वाचलेले योहान ११ मधील प्रभूचे वचन त्याच्या मनात घोळत होते.

कोणी म्हणतात, मरून त्याने आपले तारण विकत घेतले. तसे नव्हे; ते मोल दुसऱ्यानेच भरले आहे. मला तर त्या मरणाहूनही एक लहान गोष्ट मोठी वाटते. त्या दिवशीच्या ५२ बंदिवानांत एक गरीब शिवणकाम करणारी मुलगी होती. तिने डार्नेस पूर्वी पाहिले होते. हा तो नव्हे, हे तिने ओळखले, पण ओरडली नाही. तुमचा हात धरू का, एवढेच तिने विचारले. तिचे त्याजवर काही ऋण नव्हते, लूसीस दिलेल्या वचनात तीही नव्हती. ज्या प्रीतीने एका घरापासून काही मागितले नाही, तीत आता परक्या पोरीस जागा झाली. लंडनात वर्षानुवर्षे कोणास न कळलेला मनुष्य तिला घटकाभरात कळला.

तिचा क्रम बाविसावा, त्याचा तेविसावा. तिची पाळी येईपर्यंत त्याने तिचा हात सोडिला नाही.