वाट पाहणारे घर



आपल्या प्रार्थनेत पुष्कळदा दुसऱ्याला बदलण्याचेच मागणे असते. नवऱ्याची दारू सुटावी, सुनेने ऐकावे, मुलाने अभ्यासाला बसावे. मागणे खोटे नाही. पण चर्चमधून घरी गेल्यावर तेच काम आपण टोमण्यांनी करू पाहतो. त्यात घोडेगावच्या मार्केटात कांदा पडेल भावाने गेलेला असला तर विचारायलाच नको. व्यापाऱ्यापुढे गिळलेला राग संध्याकाळी भाजीतल्या मिठावरून बायकोवर निघतो. मानसशास्त्र याला रागाचे विस्थापन म्हणते. आपल्या आजीबाई म्हणत, वड्याचे तेल वांग्यावर.

आपल्याच जिल्ह्यातले एक घर आठवू या. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्याला मुळीच तयार नव्हत्या. काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नाही. त्यांचा स्वयंपाक वेगळा असे. टिळक स्वभावाने तापट, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त मुळीच लपवलेले नाही. तरीही या एका बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. पुढे राहुरीला असताना जातिभेद माणसांनीच निर्माण केला आहे, हे लक्ष्मीबाईंना विचारांती आपले आपणच पटले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 साली वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे लिहीत नेले याच लक्ष्मीबाईंनी. टिळक कुटुंब आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण त्यांच्याकडून शिकायला आपल्याला कोणाची हरकत असणार?

सक्तीने माणूस वरवर वाकतो आणि आतून हट्टाला पेटतो. जे स्वतःला पटते, तेच टिकते. मात्र वाट पाहणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. घरात हात उगारला जात असेल, तर त्या बहिणीने गप्प बसू नये. तिला आधार देणे हे आपणा सर्वांचे काम आहे. व्यसनाला औषधोपचार लागतो, तोही करावा.

लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात बाप धाकट्या मुलाच्या मागे माणसे पाठवत नाही. पण तो दूर असतानाच बापाला दिसतो, म्हणजे नजर रस्त्याकडे लागलेली होती. मुलगा आल्यावर पैशाचा हिशेब विचारला जात नाही. आपण असतो तर आधी तोच विचारला असता! थोरला मात्र रागाने बाहेरच थांबतो. बाप त्याच्यासाठीही उठून बाहेर जातो, त्याची समजूत घालतो, पण हाताला धरून ओढत नाही.

या आठवड्यात संध्याकाळच्या जपमाळेला ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याचे नाव घेऊ या. त्याच्या सुधारणेची यादी देवाला न देता, नुसते नाव. आणि जमले तर दुसऱ्या दिवशी त्याला चहाला हाक मारू या.