समाधान : पुरावा कीं निवाडा?

विद्यापीठाचें ग्रंथालय आपलें कर्तव्य करतें कीं नाहीं, हें कशावरून ठरवावें? या प्रश्नाचें एक सोपें उत्तर आज सर्वत्र रूढ झालें आहे. विद्यार्थ्यांच्या हातीं एक प्रश्नावली द्यावी, ई-ग्रंथ, ई-नियतकालिकें व प्रबंधसंग्रह यांविषयीं आपण समाधानी आहांत काय असें विचारावें, आणि उत्तरांची सरासरी काढून ग्रंथालयाची योग्यता ठरवावी. ही रीति सर्वस्वीं त्याज्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु समाधान हा कर्तव्यपूर्तीचा केवळ एक पुरावा आहे, कीं तिजविषयींचा अखेरचा निवाडा आहे, हा नीतीचा प्रश्न आहे. आणि त्याचा उलगडा झाल्यावांचून आंकडे मोजण्यांत फारसा अर्थ नाहीं.

प्रथम या रीतीच्या पुरस्कर्त्यांस न्याय दिला पाहिजे. शियाळि रामामृत रंगनाथन् यांनीं 1931 सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं, तेव्हांपासून आपल्या देशांत ग्रंथालयाचा मध्यबिंदु ग्रंथाकडून वाचकाकडे सरकला. ग्रंथ हे कुलुपांत ठेवण्यासाठीं नसून वापरण्यासाठीं आहेत, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, त्याचा वेळ वांचला पाहिजे, हें एकदां मान्य केलें म्हणजे ग्रंथालयाचें बरेंवाईट वाचकासच विचारणें ओघानेंच आलें. दुसऱ्याचें हित आपणांसच अधिक कळतें असें मानणाऱ्यांच्या हातीं संस्था गेल्या म्हणजे काय होतें, याचा अनुभव समाजास पुष्कळ आहे.

तथापि समाधान ही वस्तु मोठी फसवी आहे. मिळालें किती यावर तें जितकें अवलंबून असतें, तितकेंच मागितलें किती यावरही असतें. तृप्ति आणि सुख हीं एक नव्हेत, आणि ज्याची पात्रता मोठी त्यास अतृप्ति सोसावी लागते, हें मिल्लनें 1861 सालींच बजाविलें होतें. परभणी जिल्ह्यांत, जिंतूर तालुक्यांत बोरी हें गांव आहे. तेथील दोन विद्यार्थी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. एकास परीक्षेपुरतीं उत्तरें हवीं आहेत. तीं मोबाईलवर मिळालीं, कीं तो 'अत्यंत समाधानी' या रकान्यांत खूण करतो. दुसऱ्यास आपल्या भागांतील कापसाच्या जमिनीविषयीं कांहीं लिहावयाचें आहे. तो शोध घेतो, लेखाचें शीर्षक दिसतें, सारांश वाचावयास मिळतो, आणि नेमका पुढचा दरवाजा बंद असतो. तो 'असमाधानी' अशी खूण करतो. या दोघांत ग्रंथालयाचा खरा उपयोग कोणीं केला? निःसंशय दुसऱ्यानें. पण सरासरी चढविली ती पहिल्यानें! मग सरासरी वाढविण्याचे दोन मार्ग संस्थेपुढें उरतात : साधनें वाढविणें, अथवा जिज्ञासाच वाढूं न देणें. पैकीं दुसऱ्यास एक पैही लागत नाहीं. या रीतींतील नैतिक धोका तो हाच.

साधनें थोडीं आहेत, असें मात्र कोणीं समजूं नये. परभणी जिल्ह्यांतील महाविद्यालयें 1994 सालीं स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. खुद्द परभणीस 1972 पासून कृषि विद्यापीठ आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानें महाविद्यालयांसाठीं एन-लिस्ट ही योजना आणि प्रबंधांसाठीं शोधगंगा हें भांडार उघडलें. कृषि विद्यापीठांसाठीं भारतीय कृषि संशोधन परिषदेनें 2007 सालीं 'सेरा' हा संघ उभारला. नोव्हेंबर 2024 मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठीं सुमारें 6,000 कोटि रुपये, 30 प्रकाशकांचीं जवळजवळ 13,000 नियतकालिकें, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थेखालील 6,300 हून अधिक संस्था, असा तिचा विस्तार आहे.

परंतु दिलें म्हणजे पोंचलें असें नव्हे. कित्येक साधनें विद्यापीठाच्या आवारांतील संगणकांवरच उघडतात. सुट्टींत गांवीं गेलेल्या विद्यार्थ्यास तीं नसल्यासारखींच. एन-लिस्टचा पासवर्ड घरूनही चालतो, पण तो महाविद्यालयानें नांव नोंदवून द्यावा लागतो. असा कांहीं पासवर्ड असतो हेंच ज्यास कोणीं सांगितलें नाहीं, तो तक्रार तरी कशाची करणार? भाषेची गोष्ट याहून गंभीर आहे. विकत घेतलेलीं नियतकालिकें बहुतांशीं इंग्रजी. मराठी मजकूर जेथें आहे, तेथेंही तो पुष्कळदां पानांच्या छायाचित्रांच्या रूपानें किंवा युनिकोडपूर्व फाँटांत असतो, त्यामुळें त्यांत शब्द शोधूं गेल्यास हातीं कांहींच लागत नाहीं. केतकरांचा ज्ञानकोश किंवा मराठी विश्वकोश आज घरबसल्या वाचतां येतो, यावरून हें काम अशक्य नाहीं हें उघड आहे. पण मराठींत सांपडावयाचें नाहींच, ही समजूत इतकी मुरली आहे, कीं तें न सांपडल्यास कोणासही असमाधान वाटत नाहीं. असें मुकें समाधान ग्रंथालयाच्या जमेस धरणें हा अन्याय होय.

मग विद्यार्थ्याचें म्हणणें बाजूस सारावें काय? मुळींच नाहीं. इंटरनेट मंद चालतें, फाईल उतरत नाहीं, या तक्रारींस क्षुद्र लेखणारा मनुष्य वाचकाच्या वेळाचें मोल जाणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं विद्यार्थी हा या खटल्यांतील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार आहे. आणि साक्षीदार जें पाहिलें तेंच सांगूं शकतो. म्हणून आधीं त्यास भांडार दाखवावें, वापरावयास शिकवावें, आणि मग विचारावें. विचारतांनाही समाधानाच्या पायऱ्या मोजण्याऐवजीं, काय शोधलें व तें मिळालें नाहीं, गांवीं गेल्यावर काय बंद पडलें, मराठींत काय हवें होतें, हें विचारावें. जे ग्रंथालयाकडे कधींच फिरकले नाहींत, त्यांच्याही दारीं तोच प्रश्न न्यावा. कारण प्रश्नावली बहुधा येणाऱ्यांच्याच हातीं पडते.

शिक्षणाचें कार्य गरज भागविण्याइतकेंच गरज उत्पन्न करण्याचेंही आहे. विद्येनें विद्यार्थ्याची मागणी वाढली आणि ग्रंथालय त्या मागणीमागें धांवत राहिलें, तर थोडें असमाधान दोघांच्याही वांट्यास येईल; आणि त्याची लाज कोणासही वाटण्याचें कारण नाहीं. बोरीच्या त्या दुसऱ्या विद्यार्थ्याची तक्रार ज्या विद्यापीठाच्या दप्तरीं सरासरींत बुडून न जातां नांवानिशीं नोंदली जाईल, आणि तिचें उत्तर लेखाच्या रूपानें त्याच्या हातीं पडेल, त्या विद्यापीठानें मग खुशाल समाधानाचे आंकडे छापावेत.