आधी हाक मारायला शिकावं

कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि माडाच्या गुळात मंद आचेवर तासन् तास शिजवायचा, की गुडेग होतं. जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहराची ही ओळख. कोकणातल्या माणसाला ते पहिल्या घासालाच ओळखीचं लागतं.

तिथल्या पहिल्या सकाळी मी गुडेग विकणाऱ्या बाईंना इंग्रजीत किंमत विचारली. त्यांनी मुकाट्यानं बोटं दाखवली, मी पैसे दिले, व्यवहार संपला. दुसऱ्या सकाळी घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, “बरापा हार्गान्या, बू?” केवढ्याला, बू? बाई हसल्या. स्टूल पुढे सरकवलं आणि भराभर काहीतरी विचारू लागल्या. मला त्यातलं फारसं कळलं नाही. पण काल गिऱ्हाईक असलेला मी आज पाहुणा झालो होतो.

हे घडवलं ते त्या ‘बू’नं. इबू म्हणजे आई, तिचं हाकेतलं रूप बू. बापाक म्हणजे वडील, त्याचं पाक. जावात तरुणाला ‘मास’ म्हणजे दादा आणि तरुणीला ‘म्बाक’ म्हणजे ताई म्हणतात. अनोळखी माणसाशी बोलायचं तर आधी त्याला नात्यात घ्यायचं, ही रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. भाजीवाल्या बाईला मावशी आणि रिक्षावाल्याला काका म्हणतच आपण मोठे होतो. प्रवासाला निघताना मात्र आपण ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ पाठ करतो. माझं म्हणणं असं, की त्याआधी हाक मारायला शिकावं.

मराठी माणसाला ही इंडोनेशियन भाषा जागोजागी हात देते. किमतीला असलेला ‘हार्गा’ हा शब्द संस्कृत ‘अर्घ’वरून आला. आपला ‘महाग’ त्याच घरातला, ‘महार्घ’मधून आलेला. बहासा म्हणजे भाषा, नामा म्हणजे नाव. शाळेतला साधा शिक्षक तिथे गुरू असतो. आणि रमजानचा रोजा धरणारे कोट्यवधी मुसलमान त्याला ‘पुआसा’ म्हणतात, म्हणजे आपला उपवास. हे कळल्यावर जग जरा जवळचं वाटू लागतं.

पण खरी शिकवण मिळते ती न जुळणाऱ्या शब्दांतून. “लग्न झालं का?” असं विचारलं, तर अविवाहित माणूस सहसा ‘नाही’ म्हणत नाही. तो ‘बलुम’ म्हणतो, म्हणजे अजून नाही. नकार देतानाही दार उघडं ठेवायचं. ‘तेरिमा कासिह’ म्हणजे धन्यवाद. त्यातल्या तेरिमाचा अर्थ स्वीकारणं आणि कासिहचा माया. आपल्या ‘आभारा’त भार आहे, त्यांच्या शब्दात मायेचा स्वीकार. दोन शब्द शिकताना एका समाजाची समजूत हाती लागते.

या भाषेचा इतिहासही शिकणाऱ्याला धीर देणारा आहे. 28 ऑक्टोबर 1928 रोजी बटाविया, म्हणजे आजच्या जकार्तात, इंडोनेशियाच्या तरुणांनी ऐक्याची शपथ घेतली. ऐक्याला एक भाषा हवी होती. सर्वांत जास्त लोकांची भाषा होती जावानीज, पण तिच्यात समोरच्याच्या दर्जाप्रमाणे बोलण्याच्या पायऱ्या बदलतात. तरुणांनी निवडली बंदराबंदरांत व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेली मलय आणि तिला इंडोनेशियन म्हटलं. आजही असंख्य घरांत आधी जावानीज, सुंदानीज किंवा बालिनीज बोलतात आणि इंडोनेशियन मागून शिकतात. जे स्वतः शिकले, ते शिकणाऱ्याचं अडखळणं समजून घेतात. त्यातही योग्याकार्तात जावानीज ‘मातुर नुवुन’ किंवा बालीत बालिनीज ‘सुक्समा’ म्हणून आभार मानले, तर चेहरे आणखी उजळतात.

फोन आता सगळं भाषांतर करून देतो, मग ही घोकंपट्टी कशाला, असं कुणी विचारेल. औषधाच्या दुकानात, दवाखान्यात फोन जरूर वापरावा. पण फोन समोर धरला, की समोरचा माणूस पडद्याकडे बघतो, आपल्याकडे नाही. इंग्रजीत बोललो, की अडखळण्याची पाळी त्याच्यावर येते, तीही त्याच्याच गावात. त्याची भाषा मोडकीतोडकी का होईना बोललो, तर आपण विद्यार्थी होतो आणि तो शिक्षक. पाहुण्याची जागा तीच आहे.

योग्याकार्ताच्या त्या बाईंनी माझं वाक्य दुरुस्त केलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. आपण असं करतो का? पुण्या-मुंबईत कुणी परप्रांतीय किंवा परदेशी माणूस धडपडत “किती झाले, काका?” म्हणतो आणि आपण लगेच हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देतो. सोय म्हणून देतो, पण त्यानं उघडलेलं दार आपणच लावून घेतो. वाचकहो, पुढच्या वेळी असं कुणी भेटलं, तर त्याला मराठीतच उत्तर द्या. सावकाश द्या. आणि तो शब्द शोधत असेल, तर थोडं थांबा.