‘बायकांची पुस्तकं’ कोण वाचतं?

‘तू बायकांनी लिहिलेली पुस्तकं वाचतोस का?’ असं एखाद्या वाचणाऱ्या मित्राला विचारून बघा. तो ‘नाही’ म्हणणार नाही. ‘लेखक बाई की पुरुष हे मी बघतच नाही, पुस्तक चांगलं असलं की झालं,’ असं म्हणेल. मग त्याची आवडती दहा पुस्तकं विचारा. मी बऱ्याच मित्रांना विचारलंय. नेमाडे येतात, जीए येतात, दया पवारांचं ‘बलुतं’ येतं. बाई आलीच तर आठव्या-नवव्या नंबरवर, थोडं आठवून आठवून.

ही मुलं खोटं बोलतात असं मला वाटत नाही. बाईविषयी वाचायला त्यांची हरकतही नसते. ‘श्यामची आई’ वाचून मुलांच्या कित्येक पिढ्या रडल्या. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी यमूच्याच तोंडून सांगितली, तीही पुरुषांनी वाचली. पण या दोन्हींत बाई सोसते. वाचणाऱ्याला कृतज्ञता वाटते, दया येते, आणि आपण भले आहोत असंही वाटतं. त्याला स्वतःला कुणी काही विचारत नाही.

बाई स्वतः लिहायला लागली की हे बदलतं. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं वाचून गदारोळ झाला. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव होतं. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या लेखिकेने ते घेतलं होतं. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’चं लिखाण कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. त्यात जातीचा जाच आहे, तसा घरातल्या पुरुषांचा मारही आहे. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये बायकोचं शिकणं-लिहिणं नवऱ्याला खुपतं. ‘बलुतं’ वाचून हललेल्या किती जणांनी ‘आयदान’ उघडलंय?

यावर एक रास्त मुद्दा असतो: वाचन ही आवडीची गोष्ट आहे, तिथे कोटा कशाला? मलाही कोटा नकोय. पण आवड आकाशातून पडत नाही. २०२५च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनापर्यंत ९८ संमेलनं झाली, त्यांत अध्यक्ष झालेल्या स्त्रिया सहा. मराठीला चार ज्ञानपीठ मिळाले, चारही पुरुषांना. थोर कोण, हे आपण वाचायला लागायच्या आधीच ठरलेलं असतं, आणि उरलेलं ‘स्त्री-साहित्य’ म्हणून वेगळ्या फळीवर जातं.

‘कोसला’ वाचताना मी आरामात पांडुरंग सांगवीकर झाले. हे पुरुषाचं पुस्तक आहे, आपल्याला काय करायचंय, असं मनातही आलं नाही. मुली लहानपणापासून असं दुसऱ्याच्या ‘मी’त शिरायला शिकतात, कारण वाचायला तेच मिळतं. मुलांवर ती वेळच येत नाही. ‘बाईचं पुस्तक बायकांसाठी’ म्हणून ते बाजूला ठेवू शकतात, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. माझी तक्रार या एकतर्फीपणाबद्दल आहे.

पुस्तक वाचून कुणी सज्जन होतो, असा माझा दावा नाही. ‘आयदान’ संपवून उठलेला माणूसही जेवलेलं ताट तसंच टाकून जाऊ शकतो. पण ज्याने बाईच्या नजरेतून पुरुष कसा दिसतो हे दोनशे पानंही कधी पाहिलं नाही, त्याला ते पहिल्यांदा बहिणीकडून किंवा बायकोकडून ऐकावं लागतं. तोवर तिचा आवाज चढलेला असतो, आणि त्याला तो निव्वळ आरोप वाटतो. मग तो उत्तर द्यायला लागतो, आणि ऐकायचं राहून जातं.

पुस्तकाला उत्तर देता येत नाही. फार तर मिटून ठेवता येतं, नाहीतर पुढचं पान उलटावं लागतं.