पुढची सीट

साठच्या दशकात प्रेम आणि मोटार एकत्र नांदली ती हिंदी सिनेमात. १९६९च्या ‘आराधना’त शर्मिला टागोर आगगाडीच्या खिडकीत आणि राजेश खन्ना शेजारच्या रस्त्यावर उघड्या जीपमध्ये. पण तिथंही जीप हाकायला सुजितकुमार होताच! तिसऱ्या माणसावाचून आपल्याकडे प्रेम पुढं सरकत नसे.

पुण्या-मुंबईच्या नोकरदार पोरांना मोटार बघायला मिळे ती तिकीट काढूनच. देशात मोटारी बनत त्या मोजक्या: उत्तरपाड्याची अँबॅसिडर, कुर्ल्याची फियाट, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. पैसे असले तरी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. स्कूटरची तीच तऱ्हा. साखरपुड्याला नोंदवलेली स्कूटर थोरल्याच्या मुंजीला दारात आली, असं सांगणारे अजून भेटतात. त्यातली निम्मी अतिशयोक्ती सोडून द्यावी.

तेव्हा पुण्यात जमायचं ते सायकलींच्या साक्षीनं. डबलसीट नव्हे, त्यात पोलीस पकडायचा, आणि पोलिसाच्या आधी आळी पकडायची. आपापली सायकल हातात धरून दोघांनी चालायचं, मध्ये दोन हँडलांचं सोवळं. कोणी ओळखीचं दिसलंच तर चेन पडल्याचं निमित्त तयार. फर्ग्युसनपासून डेक्कनपर्यंतचा पाव तासाचा रस्ता पाऊण तास पुरवायचा, आणि खिशात नाणी असली तर ‘गुडलक’मध्ये एक चहा दोघांत.

आज हे सगळं गोड वाटतं. पण बभ्रा झाला की मुलाला घरी दोन शब्द ऐकावे लागत आणि मुलीचं कॉलेज बंद होऊन स्थळं बघायला सुरुवात होई. या आठवणी रंगवून सांगणारे बहुतेक पुरुषच असतात, त्याचं कारण इथं असावं.

ज्यांचं जमलं आणि निभावलंही, त्यांच्या दारात मोटार आली ती चाळिशीच्या आसपास, तीही सेकंडहँड. बहुधा गोलमटोल जुनी फियाट ११००, जिला लोक बिनदिक्कत ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पुढची दारं उलटी उघडणारी. गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळं पुढं मधल्या जागेत एखादं पोर सहज मावे. आता तरी दोघांनी शेजारी बसावं की नाही? छे! पुढं मानानं आई, तिच्या आणि चालवणाऱ्याच्या मध्ये धाकटा. बायको मागं, उरलेली मुलं, पाण्याची कळशी आणि दशम्यांचा डबा सांभाळत.

सुटका व्हायची ती खंडाळ्याच्या घाटात. चढावर इंजिन तापायचं, रेडिएटरमधलं पाणी उकळायला लागायचं. गाडी कडेला घेऊन बॉनेट वर करायचं. ओतायला कळशी आणून द्यायची म्हणून बायको खाली उतरायची. उघडं बॉनेट भलतंच रुंद, त्याच्या पलीकडचं काचेतून काही म्हणजे काही दिसत नसे. पाणी ओतून, झाकण लावून झालं तरी दोघं तिथंच. आतून आईचा आवाज यायचा, “अरे, झालं का?”

“अजून पाच मिनिटं,” पलीकडून उत्तर जायचं. “इंजिन फार तापलंय.”