सात डॉलर



दाबून ठेवलेल्या मजुरीविषयी याकोब काय लिहितो (याकोब ५:४) ते आपण वाचतो आणि पुढे जातो. आमच्या चर्चच्या राखणदाराचा पगार समितीत निघाला की मला एक पलटण आठवते.

ज्या बोस्टनच्या बोर्डाने आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी धाडले, त्याच शहरातून मे १८६३ मध्ये ५४ वी मॅसॅच्युसेट्स ही स्वयंसेवकांची पायदळ पलटण अमेरिकेतील यादवी युद्धावर निघाली. शिपाई काळे, अधिकारी गोरे. गोऱ्या शिपायांप्रमाणे दरमहा १३ डॉलरचे वचन होते. देऊ केले १०, आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून ७. शिपायांनी ते घेतले नाहीत. जुलैत वॅगनर किल्ल्यावरील चढाईत कर्नल शॉ व पुष्कळ शिपाई पडले, तरी दर तोच. राज्याने तफावत भरून देऊ केली. तीही त्यांनी नाकारली. घरी लेकरे उपाशी होती. मला त्या आयांचेच अधिक वाटते.

जून १८६४ मध्ये कायदा झाला, पण मागची पूर्ण बाकी १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच. पलटणीत पूर्वीचे दासही होते. तेव्हा क्वेकर घराण्यातील कर्नल हॅलोवेल याने शपथ अशी रचली की, त्या दिवशी मी कोणाही मनुष्याला फुकट श्रमाचे देणे लागत नव्हतो. दासांनीही देवासमोर हात वर केले. ती शपथ खोटी होती काय?

सप्टेंबरात पैसे आले. वॅगनरच्या वाळूत कर्नलसोबत पुरलेले ते घ्यायला नव्हते.