उंदराची कुर्बानी

आमच्या वर्गातली एक मुलगी डबा उघडण्याआधी इन्सुलिनची सुई टोचून घेते. विज्ञानाच्या तासाला तिनेच विचारले, "सर, हा आजार होतो कशामुळे?" शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतात, एवढे आम्ही सांगितले. हे कळले कसे, ते मात्र सांगायचे टाळले.

1980 साली जपानमध्ये माकिनो आणि सहकाऱ्यांनी 'नॉड' जातीच्या उंदरांची माहिती प्रसिद्ध केली. या उंदरांना मधुमेह आपोआप होतो, नरांपेक्षा माद्यांना कितीतरी अधिक. पिल्लू महिन्याभराचे झाले की स्वादुपिंडात हल्ल्याच्या खुणा दिसू लागतात. लघवीत साखर उतरते ती त्यानंतर काही आठवड्यांनी. हे उंदीर कापूनच पाहता आले. लेकराचे स्वादुपिंड कोण कापणार?

पण शंभरावर उपायांनी या उंदरांचा मधुमेह टळला, आणि त्यांतले बहुतेक माणसांत फोल ठरले. 2022 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टेप्लिझुमॅब आजार सरासरी दोनेक वर्षे लांबवते, इतकेच.

इंग्रजी शोधनिबंधांत उंदीर मारला असे न लिहिता बळी दिला असे लिहिण्याची रीत आहे. ती आम्हांला खटकते. कुर्बानीत माणूस स्वतःचे काही देतो. इथे आजार आपला, तोही उंदरांत पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम जोपासलेला, आणि जीव त्याचा. प्रयोग थांबवा म्हणायला त्या मुलीसमोर आम्हांला तोंड नाही. निदान 'मारला' असे तरी लिहावे.

दुसऱ्या दिवशी वर्गात उंदरांचेही सांगितले.

"त्यांना इन्सुलिन देतात का, सर?"

काहींना देतात. प्रयोग संपेपर्यंत.